म्हातारा हॅमस्टर: ‘वय झालंय’ म्हणण्याआधी या चुका टाळा

मोठ्या चणीचा सीरियन हॅमस्टर साधारण दोन ते अडीच वर्षं जगतो, बुटक्या जातींचा ड्वार्फ दीड ते दोन. दीड वर्ष उलटलं की सीरियन म्हातारा धरायचा, ड्वार्फ त्याच्याही थोडा आधी. दुकानात नेमकं वय क्वचितच कळतं, म्हणून घरी आणल्याच्या तारखेत दीड-दोन महिने मिळवून हिशेब करा.

म्हातारपणाने काय होतं? झोप वाढते, चाकावरची धाव आखडते, लव विरळ होते, वरच्या मजल्यावर चढणं तो टाळतो. इथवर ठीक. श्वासाला आवाज येणं, मान एका बाजूला कलणं, बूड ओलं राहणं, पाणी दुपटीने पिणं, कधी न चावणाऱ्याने अचानक चावणं, यातलं काहीही म्हातारपण नव्हे. दोन्ही कुशींवरची लव सारखीच गळली, खालची कातडी पातळ आणि काळपट झाली, सोबत तहानही वाढली, तर कुशिंग या संप्रेरकांच्या आजाराची शंका घ्यावी. पाठीवर कोंडा आणि टकलाचे डाग असतील तर बहुधा डेमोडेक्स किडे असतात. ते मुळात अंगावर असतातच, प्रतिकारशक्ती घटली की फोफावतात आणि औषधाने आटोक्यातही येतात. ‘वय झालंय, चालायचंच’ म्हणून असे बरे होण्याजोगे आजारही अंगावर काढले जातात.

दिवसा बघून मत बनवणं

दुपारी तीनला हॅमस्टरला उठवलं की तो डोळे अर्धवट मिटून, अडखळत चालतो. तरणाबांडही तसाच चालतो. पारख रात्री नऊनंतर करा, तीही पिंजऱ्याला हात न लावता. मंद उजेडात दहा मिनिटं मोबाइलवर चित्रण करा. भक्ष्य होणारा प्राणी माणसासमोर दुखणं लपवतो, आपण बाजूला झालो की खरी चाल दिसते. पाठ कमानीसारखी वाकलेली, लव फुगवलेली, डोळे बारीक केलेले आणि दात करकरताहेत, तर तो वेदनेत आहे.

झोपेतला श्वासही मोजून ठेवा. निरोगी हॅमस्टरचा वेग मिनिटाला ३५ ते १३५ इतका बदलतो, त्यामुळे पुस्तकी आकड्यापेक्षा त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा कामाचा. श्वासागणिक कुशी आत ओढल्या जात असतील किंवा तो तोंड उघडून श्वास घेत असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका.

आणखी एक सोपी चाचणी आहे. संध्याकाळी साध्या टिश्यू पेपरच्या चार-पाच पट्ट्या पिंजऱ्यात टाका. सकाळपर्यंत त्या फाडून घरट्यात नेल्या असतील तर त्याला अजून आपल्या घराची काळजी आहे. एरवी रोज घरटं बांधणारा पट्ट्यांना सलग तीन-चार रात्री तोंडही लावत नसेल, तर काहीतरी बिघडलंय. आम्ही चाकापेक्षा या चाचणीला जास्त वजन देतो. सांधे दुखत असले तरी सवयीने चाकावर चढणारे हॅमस्टर असतात, आणि सुखात असूनही चाक कायमचं सोडणारेही असतात.

‘वाटी रिकामी आहे, म्हणजे खातोय’

वाटी रिकामी होते ती गालाच्या थैल्यांत भरून घरट्यात नेल्यामुळेही. दात दुखणारा हॅमस्टर ज्वारी-बाजरीचा साठा करत राहतो आणि पोटात मात्र काही जात नाही. दोन दिवसांनी साठा हळूच उघडून बघा. लेंड्यांची संख्या आणि आकारही बघा. बारीक आणि मोजक्याच झाल्या तर खाणं घटलंय. पुढचे दात पिवळसर-नारिंगी असणं नैसर्गिक आहे, तो मळ नव्हे. ते आयुष्यभर वाढतात. वाकडे वाढले की टाळूत किंवा ओठात रुततात.

वजन आठवड्यातून एकदा घ्या, तब्येत खालावली असेल तर एक दिवसाआड. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. त्यावर स्टीलचा डबा ठेवून काटा शून्यावर आणा आणि हॅमस्टर उठल्यावर, खाणं देण्याआधी, डब्यात सोडा. भरलेल्या थैल्यांनी आकडा कित्येक ग्रॅमने फुगतो. १४० ग्रॅमचा सीरियन १२६ वर आला की दहा टक्के गेले, तिथे डॉक्टर गाठायचा. ४० ग्रॅमच्या ड्वार्फच्या बाबतीत तेवढीच घट फक्त चार ग्रॅमची असते. हाताला ती कधीच कळत नाही.

आकडा स्थिर आहे म्हणून निर्धास्त होणं हीही चूकच. पोटात पाणी साचलं किंवा गाठ वाढत असली की अंगावरचं मांस झडूनही वजन तेवढंच राहतं. म्हाताऱ्या सीरियनमध्ये, त्यातही माद्यांत, मूत्रपिंडाचा अमायलॉइडोसिस (मूत्रपिंडात प्रथिनं साचून ते निकामी होत जाणं) बराच आढळतो. पाठीचा कणा आणि माकडहाड बोटाला टोचतंय आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, असं दिसलं की काट्यावर विश्वास ठेवू नका.

पाण्याच्या बाटलीवर रोज चिकटपट्टीची खूण करा. दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे १० मिलिलिटर पाणी लागतं. आधी नळीतला गोळा अडकलेला नाही आणि बाटली गळत नाही, हे तपासा. कॅम्पबेल जातीचा ड्वार्फ अचानक भराभर पिऊ लागला तर मधुमेहाचा संशय घ्या. लघवीतली साखर दाखवणारी पट्टी मेडिकलमध्ये मिळते. तासगावचा बेदाणा किंवा साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा कण लाडाने देणाऱ्यांनी इथेच हात आवरावा. मऊ खाणं हवं तर गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून द्या, किंवा बिनमिठाची शिजवलेली मूगडाळ वा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग नखाएवढा.

जे दुखणं नाही, त्याला दुखणं समजणं

सीरियनच्या दोन्ही कुशींवर काळसर ठिपके असतात, लव विरळ झाली की ते उठून दिसतात. त्या गंधग्रंथी आहेत, गाठी नव्हेत. ड्वार्फच्या पोटावर मधोमध असते तीही तसलीच. मात्र एकाच बाजूची ग्रंथी वाढत गेली, चिघळली किंवा रक्ताळली तर दाखवा. त्यावर हळद लावू नका, सांगलीची असली तरी. चाटून ती पोटात जाते आणि डॉक्टरला जखमेचा खरा रंग कळत नाही. सीरियन मादीला दर चार दिवसांनी पांढरट, चिकट, वास मारणारा स्राव होतो, तो नेहमीचा. रोज येणारा, पिवळा किंवा रक्तमिश्रित स्राव गर्भाशयात पू झाल्याची खूण असू शकते.

थंडीत मेला समजणं, उन्हाळ्यात म्हातारा समजणं

महाबळेश्वर-पाचगणीतच नव्हे, साताऱ्यातही डिसेंबर-जानेवारीत खोली रात्री चांगलीच गार पडते. तापमान पंधरा अंशांखाली रेंगाळलं, त्यात खाणं कमी झालं, की हॅमस्टर गारठून निपचित पडतो. अंग थंड लागतं आणि श्वास इतका संथ होतो की मिनिटभर बघूनही कळत नाही. जिवंत प्राणी पुरला जाण्याची भीती खरी आहे. मिशा हलतात का ते बघा. खोली २२-२४ अंशांवर न्या आणि टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा. अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांपर्यंत वाट बघा. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही सोडू नका, फुप्फुसात जातो. अंगावर चरबी न उरलेल्या म्हाताऱ्याला अशी झोप परवडत नाही.

एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. तिशीच्या वर हॅमस्टरला धोका सुरू होतो. त्याला घाम येत नसल्याने नुसता पंखा फारसा उपयोगी पडत नाही. शहाबादी फरशीचा तुकडा फ्रिजमध्ये गार करून आत ठेवा आणि कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली पिंजऱ्याला बाहेरून टेकवा. या दिवसांतल्या सुस्तीवरून कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. आधी खोली गार करून दोन रात्री बघा.

घरातली औषधं

अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांचा एक थेंबही नको. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो आणि त्याच्या विषाने हॅमस्टर जुलाब होऊन दगावतो. गाईम्हशी आणि कुत्री पाहणाऱ्या डॉक्टरकडे गेलात तर प्रतिजैविकाचं नाव आधी विचारून घ्या, त्यात संकोच नको. माणसांची वेदनाशामकंही देऊ नका.

गुणांच्या बेरजेवर विसंबणं

अमेरिकन पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेली, आजारी प्राण्याच्या जगण्याचा दर्जा मोजणारी एक मोजपट्टी बरेच जण वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात मुद्द्यांना प्रत्येकी दहा गुण; ७० पैकी ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य धरायचं. ती मुळात कुत्र्या-मांजरांसाठी आहे. हॅमस्टरला लावताना घोळ असा होतो: श्वास लागलाय, वेदनेला जेमतेम एक गुण, पण बाकी सगळीकडे सात-सात, म्हणून बेरीज ४३ आणि घरचे निश्चिंत. श्वास आणि वेदना या दोन गोष्टी बेरजेत बुडवायच्या नाहीत. उपचार करूनही त्या सुधारत नसतील तर बाकीचे गुण कितीही असोत, डॉक्टरांशी शेवटाबद्दल बोलायची वेळ आली आहे. एरवी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत रोज रात्री चांगल्या दिवसाला बरोबरची खूण आणि वाईटाला फुली करा. चौदा दिवसांत फुल्या जास्त झाल्या की आपला आशावाद बाजूला ठेवायचा.

गुण देण्याआधी पिंजराही बदला. वरचे मजले काढा, पाण्याची नळी खाली आणा, उथळ वाटी ठेवा, कागदी अंथरूण जाड करा. पाणी उंचावर होतं म्हणून न पिणाऱ्याला ‘पाणी सोडलं’ असं म्हणणं अन्याय आहे.

सातारा-सांगली भागात हॅमस्टर पाहणारे डॉक्टर मोजके आहेत, त्यामुळे आधी फोन करा. साताऱ्याकडच्यांसाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आणि त्यापुढे पुणे, हे पर्याय आहेत. प्रवास पहाटे करा. हवेची भोकं असलेल्या छोट्या डब्यात त्याचंच जुनं अंथरूण घाला. बाटली हिंदकळून गळते, म्हणून तिच्याऐवजी काकडीची फोड ठेवा. वजनाची वही आणि मोबाइलवरचं चित्रण सोबत न्या. इच्छामरणाचं ठरलं तर एकच प्रश्न स्पष्ट विचारा: इंजेक्शनआधी भूल देणार का? हृदयात सुई फक्त पूर्ण बेशुद्ध प्राण्याला टोचायची असते. फ्रीझरमध्ये ठेवणं, पाण्यात बुडवणं, घरगुती गुंगीचा प्रयोग, हे सगळं वेदनादायक आहे. मध्यरात्री कितीही असहाय वाटलं तरी यातलं काही करू नका. त्याला ऊब द्या, अंधार आणि शांतता ठेवा आणि सकाळी दवाखाना उघडताच पोहोचा.