राख टाकण्याआधी सामू बघा

पाऊस तोंडावर आला की साठवलेली राख शेतात पसरायची घाई सुरू होते. थांबा, आधी मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) तपासून घ्या. तो 6.5 च्या वर असेल तर राख टाकू नका, फुकट मिळाली तरी नाही.

याच एका चुकीने पिकं गेलेली मी पाहिली आहेत. राखेत पालाश (पोटॅश) आहे, थोडं स्फुरद (फॉस्फरस) आहे, चुना तर भरपूर. नत्र (नायट्रोजन) मात्र जळून गेलेलं असतं. आम्लधर्मी जमिनीला राख मानवते. चुनखडीच्या रानात तीच राख सामू आणखी चढवते आणि लोह, जस्त, मँगनीज मुळांना मिळेनासं होतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

मग दुकानदार महागडी बाटली काढून देतो. त्याआधी साधं हिराकस (फेरस सल्फेट) वापरून बघा: 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम, सोबत सायट्रिक अॅसिड 10 ग्रॅम, फवारणी संध्याकाळी. पानं हिरवी होतील, पण जमीन तशीच राहील. चढलेला सामू उतरायला वर्षं जातात.

अंदाज घ्यायची माझी एक रीत: कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर जमिनीत चुनखडी आहे, राखेचा विचारच सोडा. फसफसली नाही म्हणून मोकळीक मिळाली असं समजू नका, तपासणी हवीच.

सामू कमी आहे? मग:
- गुंठ्याला 7 ते 10 किलो, वर्षातून एकदाच
- पेरणीच्या 2-3 आठवडे आधी, मातीत मिसळून
- युरिया, अमोनियम सल्फेट, ताजं शेण यांच्यात कालवू नये, अमोनिया उडून जातो
- बटाट्याला नको, खवड्या रोग वाढतो
- वारा नसताना, नाक-डोळे झाकून
- निखारे पूर्ण विझल्याची खात्री करून

ढीग उघड्यावर ठेवू नका. बांधाला लागून पावसात भिजलेला असाच एक ढीग मला आठवतो. पालाश पाण्याबरोबर वाहून गेलं आणि ढिगाखालच्या जागेत पुढच्या हंगामात तणसुद्धा उगवलं नाही. असं पाणी ओढ्यात उतरलं तर माशांनाही बाधतं. म्हणून ओढा, विहीर, तळं यांच्या काठाला राख नको.

दगडी कोळशाची, रंगवलेल्या किंवा औषध लावलेल्या लाकडाची, प्लास्टिक जाळलेली राख शेतात आणूच नका. त्यातलं शिसं, आर्सेनिक मातीतून निघत नाही. आणि राखेसाठी पाचट पेटवू नका. त्यातलं नत्र आणि गंधक धुरात जातं, ते राखेतून परत मिळत नाही.

मातीचा नमुना आजच काढा: शेतात 10-15 ठिकाणी वीतभर खोल, सगळी माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो. राख टाकून मग नमुना काढलात तर मूळ जमीन कशी होती ते कळायचं नाही.