लाकडी वाडगे कातायचे? आधी वाळवणाचं बघा

प्रदर्शनात विकायला वाडगे करायचं ठरलं की बहुतेक जण आधी लेथची, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्राची, चौकशी करतात. खरं तर चौकशी लाकडाची करावी. वाडगा दोन हातांत होतो: पहिल्या हाताला जाडसर कातून वाळवायचा, वाळला की दुसऱ्या हाताला शेवटचा आकार द्यायचा. दिवाळीच्या स्टॉलचा माल फेब्रुवारी-मार्चमध्येच पहिल्या हाताने कातून ठेवावा लागतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड वाळत नाही, आणि ओल राहिलेला वाडगा पुण्याच्या कोरड्या थंडीत लंबगोल होऊन टेबलावर डुलायला लागतो.

सुरुवात आंब्याने करा. स्वस्त असतो आणि कातायला जड जात नाही. वखारीतून पावती मागून घ्या. ओंडका आला त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा उरलेला ऑइलपेंट फासा, कारण पाणी टोकांतूनच झपाट्याने उडतं आणि तडे तिथूनच जातात. मग उभा चिरून अगदी मधला गाभा काढून टाका. गाभा वाडग्यात राहिला तर तडा ठरलेलाच. आंब्याला भुंगाही लवकर लागतो, ओंडके साठवून ठेवू नका.

१५ सेंमीच्या वाडग्याची भिंत पहिल्या हाताला दीड सेंमी ठेवा, म्हणजे व्यासाचा दहावा हिस्सा. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायचा खूर (वाडग्याचा तळाचा पाया) जरा मोठाच ठेवा. वाळताना तोही लंबगोल होतो आणि पुन्हा गोल करावा लागतो. त्याच लाकडाच्या किसासकट कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा. पिशवीवर तारीख आणि वजन लिहा, दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की दुसरा हात. मात्र जुलैत आकडा थांबला म्हणून फसू नका, तेव्हा हवाच ओली असते.

दुसऱ्या हाताला वेग १००० ते १२०० आरपीएम (मिनिटाला फेरे). पहिल्या हाताला, तुकडा डगमगत असताना, ६०० पुरे. बाहेरून खुराकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे काता. उलटं गेलात तर प्रत्येक फेऱ्यात समोरासमोर दोन जागी धागे उपटून खरखरीत पट्टे राहतात. तिथे पॉलिश पेपर घासत बसू नका, हत्याराला धार लावा. काठ आधी ५-६ मिमी जाडीवर संपवा, मगच खाली जा. आतलं लाकूड निघालं की काठ थरथरतो. चक आणि लेथच्या स्पिंडलचे (फिरणाऱ्या दांड्याचे) आटे जुळत नसतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातून अ‍ॅडॅप्टर करून आणा. तिथे जाताना दोन्ही सोबत न्या, माप तोंडी सांगू नका.

शेवटी कच्चं जवसाचं तेल, पातळ हात, जास्तीचं पुसून. शेंगतेल सुकत नाही, खवट होतं. तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, पसरून वाळवा. ढिगात ते आपोआप पेटतात.

कोल्हापुरात गिऱ्हाईक हमखास विचारणार, यात तांबडा रस्सा चालेल का? नाही म्हणून सांगा. सुकामेवा, चिवडा, फळं चालतील. धुवायला साधं पाणी, भिजत घालायचं नाही. हे चिठ्ठीवर छापून प्रत्येक वाडग्यात ठेवा. आणि किंमत काढताना पिशवीतच तडकलेल्या वाडग्यांचं लाकूड आणि मजुरी विकायच्या वाडग्यांवर चढवा.