कॅमेऱ्याचं कार्ड बसवण्याआधी

पाळतीच्या कॅमेऱ्यांचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड त्याच्या स्लॉटमध्ये दाबायला दहा मिनिटं पुरतात. त्याआधीची तयारी आमच्याकडे दोन रविवार खाते, आणि ती मी आता टाळत नाही. देवगड तालुक्यातल्या घरी पहिलं कार्ड मे महिन्यात बसवलं आणि मिरगाआधीच्या वळवातच ते जळलं. वीज घरावर पडली नव्हती. कलमांच्या बागेतल्या कॅमेऱ्याची साठ मीटर वायर उघड्यावरून आली होती, झटका तिच्यातून कार्डात आणि कार्डातून मदरबोर्डात शिरला. म्हणून ही यादी बाहेरून आत अशीच लिहितो.

सुरुवात घरातल्या माणसांबरोबर आवाराला फेरी मारून करा. काय दिसायला हवं ते आईसारखं कुणी सांगणार नाही. मला बेडं, म्हणजे आवाराचं फाटक, महत्त्वाचं वाटत होतं, तिचं म्हणणं मांगराचं, म्हणजे बागेतल्या कामाच्या खोपटाचं दार, कारण काढलेल्या आंब्याच्या पेट्या तिथेच असतात. आमच्या विहिरीवर शेजारच्या काकू पाण्याला येतात, त्या बाजूला कॅमेरा वळवायचा नाही हे त्याच फेरीत ठरलं. त्यांना आधी जाऊन सांगितलंही. हे राहून गेलं तर पुढचं सगळं काम चोख होऊनही शेजार तुटतो.

वायर आरजी-५९ जातीची कोॲक्स (टीव्हीच्या केबलसारखी), ७५ ओहमची, आतली तार तांब्याची. खारा वारा जोडावर सर्वात आधी हल्ला करतो, बीएनसी, म्हणजे वायरीच्या टोकाचा फिरवून बसणारा जोड, उघड्यावर राहिला तर एका पावसात आत हिरवट किटण चढतं आणि चित्रात मुंग्या दिसू लागतात. म्हणून प्रत्येक जोड झाकणाच्या प्लास्टिक डबीत, वर स्वतःला चिकटणारी रबरी टेप. मधे जोड नसेल तर उत्तमच, त्यासाठी वायर मोजून अखंड आणा. भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पागोळीचं पाणी वायरीवरून आत न येता झोलाच्या टोकाला ठिबकतं. उंदरांसाठी पीव्हीसी पाइप. जांभ्याचा चिरा भुसभुशीत असला तर स्क्रूची छोटी गिट्टी धरत नाही, लांब घ्या. कॅमेऱ्यापुढची कोळिष्टकं काढायला दांड्याची केरसुणी हाताशी ठेवा. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडात एक धागासुद्धा पडदा पांढरा करून टाकतो.

अर्थिंग हा माझ्या यादीतला सर्वात मोठा भाग आहे. जांभ्याची जमीन मेमध्ये पार सुकते, आणि वळीव नेमका त्याच दिवसांत येतो. वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या, कोरडा असेल तर पाणी ओता. प्रत्येक वायरीला घरात शिरताना कोॲक्सचा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारी डबी, लावा आणि त्याची तार त्या खड्ड्याशी जोडा. तरीही जवळ पडलेल्या विजेपुढे त्याची हमी धरू नका. आभाळ काळवंडू लागलं की कार्डामागचे चारही बीएनसी काढून ठेवायचे, गडगडाट सुरू झाल्यावर त्यांना हात लावायचा नाही. त्यासाठी प्रत्येकावर आधीच चिठ्ठी चिकटवा: बेडं, मांगर, खळं, मागची पडवी. मी मुंबईत असताना हे अण्णांना करायचं असतं, म्हणून अक्षरं मोठी. कॅमेऱ्यांचा १२ व्होल्टचा पुरवठा कॉम्प्युटर लावलाय त्याच स्विचबोर्डावरून घ्या. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की चित्रावर आडवे पट्टे सरकत राहतात.

आता वीज. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आमच्या किनाऱ्यावर कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. इतक्या काळाला कुठलाही यूपीएस पुरत नाही, पण रोजच्या ये-जा करणाऱ्या विजेला तो हवाच. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन वीज परत आली की मशीन आपोआप चालू होईल अशी सेटिंग करा, विंडोजची झोप बंद करा. मदरबोर्डावरचा सीआर-२०३२ सेल जुना असेल तर बदला. तो मेला की घड्याळ मागे जातं आणि चोराचं चित्र मिळूनही त्यावरची तारीख खोटी निघते.

कार्ड विकत घेण्याआधी कॉम्प्युटरचं खोकं उघडून स्लॉट बघा. जुन्या पीसीआयचा स्लॉट साडेआठ सेंटिमीटर लांब, पीसीआय एक्सप्रेसचा लहान एक्स-१ अडीच सेंटिमीटर. एकाचं कार्ड दुसऱ्यात जात नाही, आणि अनेक नव्या बोर्डांवर जुना पीसीआय उरलेलाच नाही. बारीक खोक्यात उंच पट्टीचं कार्ड बसत नाही. दुकानात विचारा: सेकंदाला पंचवीस फ्रेम (चित्रं) प्रत्येक कॅमेऱ्याला की चौघांत मिळून? एकाच चिपचं स्वस्त कार्ड कॅमेरे आळीपाळीने बघतं, मग चालणारा माणूस उड्या मारत गेल्यासारखा दिसतो. तुमच्या विंडोजसाठी, विशेषतः ६४-बिट असेल तर, ड्रायव्हर मिळतो का हे पैसे देण्याआधी बघा आणि सीडी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. कॅमेरे नव्या, जास्त स्पष्ट चित्राच्या एएचडी पद्धतीचे असतील तर ते जुन्या साध्या टीव्ही-सिग्नलवर, म्हणजे सीव्हीबीएसवर, वळवता येतात ना, तेही तपासा, नाहीतर साधं कार्ड त्यांना ओळखणार नाही.

डिस्कचा हिशोब सोपा आहे. ३५२ बाय २८८ चं चित्र सेकंदाला ५१२ किलोबिटने साठवलं तर एक कॅमेरा दिवसाला साधारण साडेपाच जीबी खातो, चार मिळून बावीस. एक टीबीत पंचेचाळीस दिवस मावतात. मी महिन्याने गावी जातो, तेवढ्याला हे पुरतं. ही डिस्क विंडोजपासून वेगळी ठेवा.

बसवायच्या दिवशी कोरडं ऊन बघा. प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, खोक्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मग कार्ड कडेने धरा. रिसेटची बारीक वायर सोबत आली असेल तर ती फेकू नका. सॉफ्टवेअर अडकलं तर कार्ड तिच्यातूनच मशीन पुन्हा सुरू करतं. आधी एकच कॅमेरा टेबलावर दोन मीटरच्या वायरीने जोडा आणि सॉफ्टवेअरमध्ये चित्राची पद्धत पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) निवडा. चित्र रंगीत आणि स्थिर आलं की बागेची वायर लावा, आणि दिवेलागणीनंतर कुणाला तरी मांगरापर्यंत चालत पाठवा. आमच्याकडे अण्णा गेले होते, आणि पडद्यावर त्यांचा चेहरा ओळखू आला तेव्हाच मी खोक्याचे स्क्रू आवळले.