स्टुडिओच्या इमारतीत ग्रुप शो लावायचाय? पोस्टर राहू दे, आधी मेजर टेप काढा

ओपन कॉल, म्हणजे शोसाठी बाहेरच्या चित्रकारांकडून कामं मागवणं, त्याला एक झकास पोस्टर, एक गुगल फॉर्म, चार व्हॉट्सॲप ग्रुप, झालं, असं सांगणारे खूप भेटतात. यातलं कोणी हँगिंगच्या आदल्या रात्री साडेअकराला जिन्याच्या वळणावर पाच बाय चारचा कॅनव्हास धरून उभं राहिलेलं नसतं. मी राहिलेय. कॅनव्हास वळेना, खालचा वॉचमन म्हणतो ताई उद्या बघा, आणि ज्याचं चित्र तो फोनवर म्हणतोय की तुमच्या कॉलमध्ये साईझ लिहिली होती का? नव्हती लिहिली. चूक माझीच होती.

आमची जागा पुण्यात सातारा रोडच्या बाजूला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या पहिल्या मजल्यावर. सात गाळे, मधे लांब पॅसेज, नऊ जण मिळून भाडं भरतो. दोघं प्रिंटमेकर, एक सिरॅमिकवाली, बाकी आम्ही रंगवाले. लिफ्ट नाही. वर्षातून एकदा बाहेरच्या चित्रकारांकडून कामं मागवून शो करतो, मधली कोविडची वर्षं सोडली तर सलग. या प्रकाराला हल्ली कम्युनिटी शो वगैरे म्हणतात, पण आपल्याकडे एका छपराखाली कामं करायची नि एकमेकांची बघायची हे काही नवीन नाही. मुंबईत वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये पन्नास-साठच्या दशकात गायतोंडे, हुसेन, प्रफुल्ला डहाणूकर यांचे स्टुडिओ होते आणि त्याच आवारात रविशंकरांचं संगीत नि अल्काझींचं नाटक चालायचं. आणि दुसरं म्हणजे मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळायची तर वर्षानुवर्षं थांबा. तोपर्यंत नवीन पोरांनी काय करायचं? म्हणून हा खटाटोप.

तारीख

पावसाळ्यात नको. कागद दमट होतो, माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) फुगतं, काचेमागे बुरशी धरते. डिसेंबर-जानेवारी बरं, फक्त पुण्यात असाल तर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत उद्घाटन ठेवू नका, संध्याकाळी कुत्रंही फिरकणार नाही. घरमालकाला आणि इस्टेटच्या सोसायटीला लेखी कळवून ठेवा. तारीख झाली.

भिंत मोजा. खरंच मोजा.

इथे मी पहिली दोन वर्षं माती खाल्ली, म्हणून इथेच जास्त बोलणार आहे.

पहिल्या वर्षी आम्ही कॉल आधी काढला. एंट्र्या आल्या, आम्ही खुशीत ५० कामं घेतली, नऊ आमची आणि ४१ बाहेरची. का घेतली? कारण सगळी चांगली वाटली आणि कोणाला नाही म्हणवेना. हँगिंगला बसलो तेव्हा कळलं की भिंतच नाही. मग एकावर एक दोन रांगा, मग जिन्यात, मग एका ज्येष्ठ चित्रकारांचं काम बाथरूमच्या दाराशेजारी लागलं. ते आले, बघितलं, काही बोलले नाहीत, चहाही न घेता गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तर प्रदर्शनात किती कामं बसणार हे रनिंग फुटावर, म्हणजे भिंतीच्या सलग लांबीवर ठरतं. आमचंच उदाहरण घ्या. पॅसेजच्या दोन्ही बाजू आणि दोन मोठे गाळे धरून टेपने मोजलं तर भिंत १६० फूट भरली. आता यातून वजा करायला लागा. पाच दारं साडेतीन फुटी, म्हणजे साडेसतरा. दोन शटर आठ-आठ फुटी, सोळा. खिडक्या साडेअठरा. आणि मीटरचा बॉक्स, स्विचबोर्ड, फायर एक्स्टिंग्विशर, कोपऱ्यातून उतरणारा पाण्याचा पाईप, हे सगळं मिळून बारा. ६४ फूट गेले. हातात राहिले ९६. या वजाबाकीचा लोकांना फार कंटाळा असतो, "अरे स्विचबोर्डच्या वर लावू की" म्हणतात. नाही लावायचं. स्विचबोर्डवर लावलेलं चित्र हे स्विचबोर्ड झाकायला लावलेलं चित्र दिसतं.

आता सरासरी काम फ्रेमसकट अडीच फूट रुंद धरा आणि दोन कामांत एक फूट मोकळी भिंत. म्हणजे एका कामाला साडेतीन फूट. ९६ ला साडेतीनने भागलं की सत्तावीस. बस. सत्तावीस म्हणजे सत्तावीस. त्यात आमचं नऊ जणांचं प्रत्येकी एक, राहिली अठरा. ओपन कॉलमधून अठराच कामं घ्यायची, हा आकडा कॉल काढायच्या आधी कागदावर लिहून पॅसेजच्या दारावर चिकटवा, कारण सिलेक्शनच्या दिवशी प्रत्येकाचा एक तरी मित्र एकोणिसावा निघतोच.

एक फुटाचा गॅप जास्त वाटतो ना? मलाही वाटायचा, मी सहा इंच ठेवायचे. पण अरुंद पॅसेजमध्ये माणूस भिंतीपासून चार-पाच फुटांवरच उभा असतो, त्याला एका वेळी तीन चित्रं दिसली की तो एकही नीट बघत नाही. पुढे सरकतो.

आता कॉल लिहायला घ्या, आणि साईझ फ्रेमसकट लिहा

दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं, साईझ लिहिली. "काम जास्तीत जास्त ३ बाय ३ फूट." तरी फसलो. कारण फॉर्मवर प्रत्येकाने चित्राची साईझ टाकली आणि दारात आली ती फ्रेम. वॉटरकलरवाल्यांचं बघा. फुल इम्पिरियल कागद २२ बाय ३० इंच. त्याला चारी बाजूंनी तीन इंच माउंट, त्याच्या बाहेर फ्रेमची दीड इंचाची पट्टी. २२ चे ३१ झाले, ३० चे ३९ झाले. म्हणजे ज्याने आडवं चित्र लावलंय त्याची फॉर्मवरची अडीच फूट रुंदी भिंतीवर सव्वातीन फूट भरते. असे दहा जण असले की तुमचे साडेसात फूट हवेत विरले, म्हणजे गॅपसकट दोन कामांची जागा गेली.

म्हणून आता आमच्या कॉलमध्ये हे असं लिहिलेलं असतं, शब्द न शब्द उचला, काही हरकत नाही:

"रुंदी फ्रेमसकट ३२ इंचांपर्यंत, उंची फ्रेमसकट ४० इंचांपर्यंत. फ्रेमसकट म्हणजे फ्रेमच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. दोन-तीन भागांचं काम असेल तर सगळे भाग आणि त्यांच्या मधली जागा मिळून ३२ इंच. काम आणताना टेपने मोजून घेतलं जाईल, जास्त भरल्यास लावता येणार नाही."

३२ का? उभा फुल शीट माउंट-फ्रेमसकट ३१ ला बसतो म्हणून. आडवा फुल शीट नाही बसत, त्यांनी हाफ शीट पाठवावा. ३२ ही मर्यादा आहे, सगळे काही तेवढं आणत नाहीत, सरासरी अडीच फुटांच्या आतच राहते. आणि दोन-तीन भागांची ओळ मुद्दाम आहे, एकाने बारा छोट्या चित्रांची मालिका "एक काम" म्हणून पाठवली होती. फॉर्मच्या हिशोबाने बरोबरच होतं त्याचं.

शिल्प, सिरॅमिक असेल तर पायाची लांबी-रुंदी आणि वजन मागा, आणि दोन माणसांना जिन्यावरून नेता येईल एवढंच घ्या. तुमच्या जिन्याचं वळण मोजलंय का? आत्ता मोजा.

कॉलमधलं ते शेवटचं वाक्य, मोजून घेऊ नि जास्त भरलं तर लावणार नाही, ते नुसतं लिहून उपयोग नाही, एकदा तरी खरंच परत पाठवावं लागतं. मी तिसऱ्या वर्षी एकाला परत पाठवलं. चार इंच जास्त होतं. आठ दिवस झोप लागली नाही. पण पुढच्या वर्षापासून लोक घरून मोजून आणायला लागले.

कॉलमध्ये बाकी काय: किती कामं पाठवायची (दोन, त्यातलं एक निवडू), काम गेल्या दोन वर्षांतलं, विकायचं आहे की नाही आणि किंमत, आमचं कमिशन किती (आम्ही १५ टक्के घेतो, त्यात दिवे आणि छपाई निघते), काम कुठल्या दिवशी किती ते किती आणायचं आणि कधी न्यायचं, मोडतोडीची जबाबदारी कोणाची. फोटो दिवसा खिडकीजवळ काढलेला, काच लावायच्या आधी. नाहीतर फोटोत तुमचं चित्र कमी नि तुमच्या हॉलची ट्यूबलाईट जास्त दिसते.

फी बद्दल माझं मत ठाम आहे. एंट्री फी घेऊ नका. निवडलं त्याच्याकडून शेवटी दोनशे-तीनशे रुपये खर्चाला घ्या, पण नाकारलेल्यांच्या पैशावर शो करायचा हे मला पटत नाही. मोठ्या संस्थांचं वेगळं असतं, त्यांचा पसारा मोठा. आपला पॅसेज आहे.

सिलेक्शन

तीन जण, त्यातला एक बाहेरचा, नावं झाकून नुसते नंबर. एका संध्याकाळी संपवा, दोन बैठका झाल्या की लॉबिंग सुरू होतं.

नकार मात्र नीट कळवा. ग्रुपवर निवडलेल्यांची यादी टाकून मोकळं व्हायचं नाही, ज्याचं नाव नाही तो ती यादी तीनदा वाचतो. प्रत्येकाला वेगळा मेसेज, त्याच दिवशी. मी एवढंच लिहिते: "या वेळी भिंतीवर अठरा कामांचीच जागा होती, तुमचं काम त्यात बसवता आलं नाही. दोन्ही कामं तिघांनीही बघितली आहेत." खोटं कौतुक नाही, "पुढच्या वेळी नक्की" नाही. लोक त्यावर थँक्यू म्हणतात, मला अजून आश्चर्य वाटतं.

हँगिंग

पूर्ण एक दिवस ठेवा, आणि आधी सगळी कामं भिंतीला टेकवून जमिनीवर मांडा, खिळ्याला हात नंतर.

चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. सगळ्यांचा. वरच्या कडा जुळवू नका, खालच्या तर मुळीच नाही. हिशोब असा: ५८ अधिक फ्रेमच्या उंचीचा अर्धा भाग, वजा मागची वायर ताणल्यावर वरच्या कडेपासून जेवढी खाली येते तेवढे इंच. फ्रेम ३० इंच उंच, वायर ४ इंच खाली, तर ५८ अधिक १५ वजा ४, खिळा ६९ वर. पण जुन्या इंडस्ट्रियल इमारतीत जमीन सरळ आहे असं समजू नका. आमच्या पॅसेजला एका टोकाकडून दुसऱ्याकडे दोन इंच उतार आहे, तेव्हा ५८ इंच एकाच टोकाला मोजा आणि तिथून गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन दुसऱ्या टोकाला खूण करा, मधे रंगीत दोरा ताणा. लेझर लेव्हल असेल तर उत्तमच, आम्ही अजून नळीवर आहोत, चाळीस रुपयांत काम होतं.

जड कामाला ड्रिल आणि गिट्टी (भोकात बसवायचा प्लग), दोन पॉइंटवर. फ्रेमला मागे डी-रिंग (वायर बांधायच्या कड्या) आणि वायर नसेल तर ते काम आत घेऊ नका. वायरऐवजी बांधलेल्या सुतळीवर तर मुळीच विश्वास ठेवू नका, आमच्याकडे रात्री दोनला एक काच फुटलीय.

दिवे: ट्यूब बंद, वरून तिरके स्पॉट, साधारण ३० अंशात, म्हणजे काचेत बघणाऱ्याचं तोंड दिसत नाही. लेबल उजव्या बाजूला खाली, एकाच उंचीवर, नाव-शीर्षक-माध्यम-साईझ-वर्ष. किमती वेगळ्या कागदावर टेबलापाशी. किंमत चित्राशेजारी असली की लोक आधी किंमत वाचतात आणि मग चित्राकडे संशयाने बघतात.

उद्घाटन

चहा, बिस्किटं, भाषण एकच, पाच मिनिटांचं. पाहुण्यांना माईक देऊ नका.

शो संपल्यावर

बबल रॅप ऑइलच्या रंगाला थेट टेकवू नका, फुगे उमटतात, आधी बटर पेपर. ज्याचं काम त्याने सही करून न्यायचं, भाऊ येईल, मित्र येईल असं चालत नाही, दुसरं कोणी आलंच तर ज्याचं काम त्याच्या फोनवरून मेसेज घ्या. भोकं पुट्टीने बुजवा, वाळल्यावर पॉलिश पेपर, वर तोच पांढरा रंग, त्याचा अर्धा डबा पहिल्यापासून बाजूला ठेवलेला असू द्या म्हणजे शेड बदलत नाही. घरमालकाला फोटो पाठवा.

न्यायची तारीख उलटली की किती दिवस सांभाळणार ते कॉलमध्येच लिहा, आम्ही पंधरा दिवस लिहितो. तरी मागच्या डिसेंबरचं एक काम अजून माझ्या टेबलामागे आहे, निळ्या फ्रेमचं, फ्रेमसकट बरोबर ३२ इंच. ज्यांचं आहे त्यांनी घेऊन जावं, रविवारी दुपारनंतर मी असते.