पाहुणे आले, मांजर गायब: या चुका टाळा

पाहुणे यायचे ठरले की साफसफाई निघते, आणि फिरस्त्या मांजराच्या बाबतीतल्या बऱ्याचशा चुका तिथेच होऊन जातात. पुढे मांजर घराकडे फिरकेनासं झालं की खापर मुलांच्या दंग्यावर फुटतं.

घराचा वास पुसून टाकणं

मांजर घर ओळखतं ते वासावरून. खुर्चीच्या पायाला, दाराच्या चौकटीला गाल घासून त्याने आपली खूण ठेवलेली असते. आपण त्यावर ओलं फडकं फिरवतो, त्याची मळकी चादर धुवायला टाकतो आणि शी-शूचा ट्रे बरा दिसत नाही म्हणून मागे नेऊन ठेवतो. भटकून आलेल्या मांजराला मग आपलंच घर परकं वाटतं. एक कोपरा जसाच्या तसा राहू द्या. चादर, पाणी, ट्रे सगळं जागच्या जागी. ‘बघू बघू, कुठे लपलंय’ म्हणत वाकून बघणाऱ्या हौशी काकांनाही तिथे मज्जाव करा.

ते रोज ज्या खिडकीतून आत येतं, ती पाहुणे रात्री लावून घेतात. त्यांना सांगितलेलंच नसतं, त्यांचा काय दोष? नेमक्या त्याच खोलीत त्यांची झोपायची सोय करू नका.

विषारी वस्तू हाताशी ठेवणं

ही चूक सगळ्यांत महागात पडते. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते. फिनाईलच्या ओल्या फरशीवरून चालायचं आणि मग पंजे चाटायचे, एवढ्यानेही त्रास होऊ शकतो. फरशी साध्या पाण्याने पुन्हा पुसा, वाळेपर्यंत त्याला लांब ठेवा. यकृताच्या याच उणिवेमुळे पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, आणि पाहुण्यांची औषधं तर उशाशी उघडीच असतात. जादा गाद्या-पांघरुणं काढताना घरंगळलेल्या डांबरगोळ्याही वेचून घ्या. कुणी पुष्पगुच्छ आणला तर त्यात लिली नाही ना, ते बघा. लिलीचे अंगावर सांडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. भेटवस्तूंच्या रिबिनी लगेच उचला. गिळलेली रिबीन किंवा दोरा बाहेर लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं चिरतं. डॉक्टरांकडेच न्या.

पाहुण्यांशी जबरदस्तीने ओळख करून देणं

मांजराला उचलून कुणाच्या मांडीवर ठेवू नका. ज्या आत्याला मांजर अजिबात आवडत नाही, ते नेमकं तिच्याच शेजारी जाऊन बसतं. कारण सोपं आहे. ती त्याच्याकडे टक लावून बघत नाही, हात पुढे करत नाही. मुलांना हेच शिकवा: जमिनीवर बसा, दुसरीकडे बघा, येईल तेव्हा येईल. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. मांजराचे दात बारीक पण खोल जातात, वरून काही दिसत नाही.

ॲलर्जी असलेला पाहुणा येणार म्हणून त्या दिवशी मांजराला कोंडणं व्यर्थ. ॲलर्जी होते ती त्याच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनांची, आणि ती गाद्या-सोफ्यांत महिनोन्महिने टिकतात. मांजर जिथे जात नाही ती खोली द्या, आणि आधी फोनवर कल्पना द्या.

सापडत नाही म्हणून गल्लीभर हाका मारणं

काखेत कळसा नि गावाला वळसा. पाहुण्यांसाठी उघडलेलं कपाट, दिवाणाची पेटी, कपडे धुण्याचं मशीन, उघडी बॅग, हे आधी बघा. पाहुण्यांच्या गाडीचं बॉनेटही, तेही गाडी सुरू करण्यापूर्वी. बाहेर शोधायचं तर घराच्या आसपासच, सामसूम झाल्यावर, टॉर्च घेऊन एकट्यानेच जा. उजेडात डोळे चमकतात. सगळी फौज घेऊन गेलात तर घाबरलेलं मांजर जवळून हाक आली तरी ओ देत नाही.

बॅगेवर शू केली म्हणून मारणं

मांजर सूड उगवत नाही. अनोळखी वासाने ते बिथरलेलं असतं. त्या जागी अमोनियाचं क्लीनर वापरू नका, त्याचा वास लघवीसारखाच येतो आणि मांजर पुन्हा तिथेच येतं. बोका मात्र सारखा ट्रेमध्ये बसत असेल, कण्हत असेल आणि लघवीचा थेंबही येत नसेल, तर मार्ग तुंबलेला असू शकतो. अशात एक-दोन दिवसांत जीव जातो. पाहुण्यांना जेवण वाढायला घरात दुसरं कुणीतरी असेलच. तुम्ही त्याला घेऊन तडक निघा.