मायक्रोनीडलिंग करायचंय? आधी लग्नाची तारीख बघा

लग्नाला पंधरा दिवस राहिले की आपल्याकडं चेहऱ्याची आठवण होते आणि मग क्लिनिकला पळापळ, पण मायक्रोनीडलिंगचं गणित तसं बसत नाही बघा. बारीक सुयांनी त्वचेला मुद्दाम छिद्रं पाडायची आणि ती भरून येताना त्वचेनं नवीन कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार करायचं, एवढाच सगळा खेळ, त्याला महिने जातात. साधारण ३ ते ६ सिटिंग, मध्ये ४ ते ६ आठवडे. मे मधलं लग्न असेल तर तुळशीचं लग्न झालं की सुरुवात करा.

पहिलं काम डॉक्टर गाठणं. खानापूर-निपाणीकडनं बेळगावला यावं लागलं तरी या की, पण त्वचारोगतज्ज्ञच बघा, आणि दवाखान्यात केपीएमई, म्हणजे कर्नाटकातल्या खाजगी दवाखान्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीचं सर्टिफिकेट लावलंय का तेही बघा. पिंपल्सचे पसरट खड्डे, बारीक सुरकुत्या यांना फरक पडतो, टाचणी टोचल्यासारख्या खोल खड्ड्यांना एवढ्यानं भागत नाही. चेहऱ्यावर पिकलेले पिंपल्स, हर्पीसचे फोड असतील, जखमेचा व्रण फुगून जाड होत असेल, दिवस गेले असतील, किंवा पिंपल्सची आयसोट्रेटिनॉइन गोळी, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, लपवू नका.

चार-पाच दिवस आधी रेटिनॉल आणि ॲसिडवाली क्रीमं बंद. त्या दिवशी मेकअप न करता जा. बधिर करायचं क्रीम लावून अर्धा-पाऊण तास बसवतात, मग ते पुसून चेहरा निर्जंतुक करतात. इथं डोळे उघडे ठेवा, सुयांचं कार्ट्रिज सीलबंद पाकिटातनं तुमच्यासमोर काढायला लावा, दुसऱ्याला वापरलेलं असेल तर सरळ उठून या. गालावर सुया जरा खोल जातात, कपाळावर आणि डोळ्यांखाली कमी, आणि रक्ताचे बारीक ठिपके दिसले तर घाबरू नका.

खरी परीक्षा घरी आल्यावर. चेहरा उन्हात भाजल्यागत लाल होतो, दोन-तीन दिवस राहतो. परतताना गाडीवर जाऊच नका, हेल्मेटच्या आतला घामट फोम गालाला घासतो, त्यापेक्षा बस बरी. साधा मॉइश्चरायझर लावा, दोन दिवस जिम, पोहणं, मेकअप नाही. आई साय-हळद कालवून वाटी घेऊन येणारच, पण उघड्या छिद्रांवर त्यातलं काही नको, व्हिटॅमिन सी सीरमसुद्धा नको. आपल्या सावळ्या कातडीवर ऊन लागलं तर काळे डाग पडतात, त्यामुळं डॉक्टर सांगतील त्या दिवसापासनं एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन रोज, पावसाळ्यात पण.

ऑनलाइन मिळणारा रोलर घरी फिरवायचा विचार असेल तर सोडा, सुया वाकतात, नीट निर्जंतुक होत नाहीत आणि खड्डे भरायचे सोडून ओरखडेच उठतात. लाली दिवसेंदिवस वाढत गेली, पू दिसला किंवा ताप आला तर व्हॉट्सअपवर फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडं जा.