श्वास आणि रक्तातली दारू: अहवालावर विसंबण्याआधी या चुका टाळा

यंत्रावर आकडा उमटला की विषय संपला, असं धरून चालणं ही पहिली चूक. यंत्र बहुतेक वेळा नीट चालतं. घोळ होतो तो नमुना घेताना, आणि त्यातून निर्दोष माणूस अडकतो किंवा झिंगलेला चालक सुटतो. दोन्ही तितकंच वाईट.

श्वासाच्या चाचणीत फुप्फुसांत खोलवर असलेली हवा तपासायची असते. पण नुकताच घोट घेतला असेल, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल किंवा ढेकरेबरोबर पोटातलं वर आलं असेल, तर तोंडातली वाफच आत जाते आणि आकडा फुगतो. म्हणून फुंकायला लावण्याआधी किमान 15 मिनिटं त्या माणसावर नजर हवी. तेवढ्या वेळात खाणं नाही, पिणं नाही, सिगारेट नाही. मग थोड्या अंतराने दोनदा फुंकायला लावा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल, तर पहिल्यावर भरवसा ठेवू नका. घाईत सगळ्यात आधी गाळली जातात ती हीच 15 मिनिटं.

श्वासावरून रक्तातलं प्रमाण काढताना अनेक यंत्रं 2100 ला 1 हे गुणोत्तर धरतात, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या श्वासापेक्षा रक्तात 2100 पट अल्कोहोल. ते माणसागणिक बदलतं, अंगात ताप असला तरी बदलतं. मर्यादेच्या काठावरचा आकडा त्यामुळे जपूनच वाचावा.

रक्ताची चाचणी जास्त भक्कम, पण नळी सांभाळली तरच. त्वचा पुसायला अल्कोहोलचा बोळा नको. नळीत सोडियम फ्लोराइड, म्हणजे नमुना खराब होऊ न देणारं रसायन, हवं आणि रक्त घेतल्यावर ती हलक्या हाताने उलटसुलट करून ते मिसळायला हवं. ते राहिलं आणि नळी उबेत पडून राहिली, तर रक्तात शिरलेलं यीस्ट साखर आंबवून नळीतच अल्कोहोल तयार करू शकतं. झाकण सैल असेल तर उलट होतं, अल्कोहोल उडून जातं.

रुग्णालयाचा अहवाल पुष्कळदा सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पातळ द्रवाचा असतो. सीरममध्ये पाणी जास्त, म्हणून तो आकडा संपूर्ण रक्तापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के चढा येतो. कायद्याची मर्यादा संपूर्ण रक्तासाठी असेल, तर थेट तुलना चुकीची.

शेवटी वेळ. शरीर तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 10 ते 25 मिलिग्रॅम अल्कोहोल संपवतं. पण शेवटचा पेला नुकताच रिचवला असेल तर पातळी अजून चढतच असते. तो केव्हा घेतला हे माहीत नसताना गाडी चालवतानाची पातळी मागे मोजत काढू नका.